तगड्या खेळाडूशी टपाली बुद्धिबळ : बरोबरी मिळवायची कशी

आधी आकडे बघू. इलो, म्हणजे खेळाडूची ताकद रेटिंगच्या आकड्यात मोजायची पद्धत, तिच्या हिशेबाने १५०० रेटिंगचा खेळाडू १९०० वाल्याशी शंभर डाव खेळला, तर त्याच्या पदरात साधारण ९ गुण पडतात (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). फरक दोनशेचाच असेल तर २४ च्या आसपास. के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलू शकतं ते ठरवणारा आकडा, २० धरला, तर चारशेच्या फरकात एक डाव बरोबरीत सुटला की खालच्याला रेटिंगचे ८ गुण मिळतात आणि वरच्याचे ८ जातात. म्हणजे तुमच्यासाठी ती बरोबरी जवळजवळ विजय, आणि त्याच्यासाठी जवळजवळ हार. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे डावात तिचा उपयोग होणार आहे.

घड्याळ लावून समोरासमोर खेळताना हा फरक भरून काढणं फार अवघड असतं. तगडा खेळाडू पटावर नजर टाकताच दहा गोष्टी ओळखतो, आपल्याला त्याच दहा शोधायला अर्धा तास लागतो. टपाली बुद्धिबळात, म्हणजे एकेक चाल पूर्वी पोस्टाने आणि आता साइटवरून पाठवत खेळायच्या डावांत, मात्र तो अर्धा तास मिळतो. एका चालीला एक दिवस, तीन दिवस, काही ठिकाणी चौदा दिवससुद्धा. एप्रिल ते मे २०२५ मध्ये माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन विरुद्ध सगळं जग असा एक डाव चेस डॉट कॉम या साइटवर झाला. प्रत्येक चालीला २४ तास, आणि जगाच्या बाजूने मतदान करणारे एक लाखाहून अधिक लोक. त्यातल्या बहुतेकांची कार्लसनसमोर बसून टिकायची शक्यता नव्हती, तरी डाव शहांची पुनरावृत्ती होऊन बरोबरीत सुटला. अनेक डोकी आणि भरपूर वेळ, या दोन्हींचा तो परिणाम. आपल्याकडे डोकं एकच असतं, पण वेळ तेवढाच असतो.

हा लेख त्या वेळेचं काय करायचं याबद्दल आहे. माझं ठाम मत असं की कमकुवत खेळाडू टपाली डाव ज्ञान कमी पडल्यामुळे हरतो त्यापेक्षा जास्त वेळा घाईमुळे हरतो, आणि ती घाई टाळणं पूर्णपणे त्याच्या हातात असतं.

पहिली पायरी : कुठे खेळताय आणि काय चालतं

आयसीसीएफ, म्हणजे टपाली बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९५१ पासून आहे. तिच्या स्पर्धांत संगणकाचं इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्राम, वापरायला परवानगी आहे, आणि त्यामुळे वरच्या पातळीवर जवळपास सगळेच डाव बरोबरीत सुटतात. तिथे बरोबरी मिळवणं हा मुद्दाच वेगळा. लिचेस आणि चेस डॉट कॉम या साइटांच्या रोज एक-दोन चाली खेळायच्या डावांत इंजिन अजिबात चालत नाही. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं आणि आधीच्या डावांचे डेटाबेस मात्र बघता येतात. हा लेख या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. चालू डावाबद्दल दुसऱ्या माणसाचा सल्ला घेणं हेही नियमाबाहेर आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइल पुढे करून "हे बघ रे, घोडा इथे टाकू का?" असं विचारलंत, आणि समोरचा तुमच्याहून बरा खेळत असेल, तर तो डाव तुमचा राहिला नाही. डाव संपेपर्यंत तोंड बंद ठेवा. परवानगी नसताना इंजिन लावून मिळवलेल्या बरोबरीला कवडीचीही किंमत नाही, आणि साइटवाले पकडतात तेव्हा खातंही जातं.

वेळ निवडताना तीन दिवसांपेक्षा कमी घेऊ नका. पावसाळ्यात लोकल तुंबल्या, घरी गणपती बसले, कुणाचं लग्न निघालं, की एक दिवसाची मुदत कधी उलटून जाते कळत नाही. साइटवर रजेची सोय आहे का तेही आधी बघा. आणि एका वेळी चार-पाचच डाव घ्या. वीस डाव चालू असले की प्रत्येक डावात तुम्ही ब्लिट्झच, म्हणजे झटपट डावच, खेळत असता, फक्त दिवस मोजून.

दुसरी पायरी : खरा पट आणि वही

हा खेळ पोस्टकार्डांवर चालायचा तेव्हा कार्डावर आधी प्रतिस्पर्ध्याची चाल परत लिहायची, मग आपली, आणि शिवाय कार्ड कधी हातात पडलं आणि कधी टाकलं त्या तारखा. परदेशातल्या माणसाशी भाषेचा घोळ होऊ नये म्हणून चाली आकड्यांत जायच्या. एरवी ए ते एच म्हणतात त्या उभ्या पट्ट्यांना १ ते ८ नंबर, त्यामुळे ई२ वरचं प्यादं ई४ वर गेलं की लिहायचं ५२५४, आणि पांढऱ्याचा राजाच्या बाजूचा किल्लेकोट म्हणजे ५१७१. मुंबईतून गेलेली कितीतरी कार्डं सीएसएमटीजवळच्या जीपीओतून, १९१३ मध्ये बांधून झालेल्या त्या घुमटाच्या इमारतीतून, पुढे गेली असतील. एकदा पेटीत पडलेलं कार्ड परत घेता येत नसे. म्हणून पेटीपर्यंत चालत जाताना माणूस चाल पुन्हा एकदा मनात फिरवून बघायचा.

ही सवय आज मुद्दाम लावून घ्यावी लागते. घरी एक साधा लाकडी किंवा गुंडाळायचा रबरी पट ठेवा, चालू डाव त्यावर मांडा आणि एक शंभरपानी वही करा. प्रत्येक चालीआधी वहीत तीन गोष्टी लिहा : त्याने ही चाल का केली, माझ्यासमोर कोणत्या दोन-तीन चाली आहेत, आणि निवडलेल्या चालीनंतर त्याचा सगळ्यात त्रासदायक जबाब कोणता. चाल वहीत लिहून झाल्याशिवाय स्क्रीनला हात लावायचा नाही. अ‍ॅपमध्ये चाल पक्की करण्याआधी पुन्हा विचारण्याची सोय असते, ती सुरू ठेवा. गर्दीत अंगठा घसरून हत्ती भलत्याच घरात गेल्याच्या कहाण्या कमी नाहीत.

लोकलमध्ये डाव बघा, विचार करा, हवं तर डोळे मिटून चाली मोजा. पण कुर्ला ते दादरच्या दरम्यान, एका हाताने वरची कडी धरून, चाल खेळू नका. मी हे कळकळीने सांगतोय. चांगले उभे असलेले डाव असेच गेलेले पाहिलेत.

तिसरी पायरी : ओपनिंग

इथे डेटाबेस उघडा असतो, त्यामुळे पहिल्या दहा-बारा चालींत तगडा खेळाडू तुम्हाला सहसा लोळवू शकत नाही. धोका त्यानंतर सुरू होतो. डेटाबेसमधली सगळ्यात लोकप्रिय चाल खेळत खेळत तुम्ही सोळाव्या चालीपर्यंत जाता, पुस्तक संपतं, आणि समोर असा पट असतो की प्यादी कुठे ढकलायची हेच कळत नाही. म्हणून टक्केवारीपेक्षा ओळख महत्त्वाची. कॅरो-कान किंवा स्लाव्ह यांसारखी, प्याद्यांची रचना साधी आणि मजबूत राहणारी एकच पद्धत धरा आणि तिचे पंचवीस-तीस पूर्ण डाव शेवटापर्यंत बघा.

बर्लिन डिफेन्स या काळ्याच्या ओपनिंगचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. २००० साली लंडनच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रॅमनिकने तो वापरला आणि पंधरा डावांत कास्पारोव्हला एकही विजय मिळू दिला नाही, सामना ८.५–६.५ असा क्रॅमनिकने जिंकला. त्यात आठव्या चालीलाच वजिरावजिरी होते. हे वाचून अनेकांना वाटतं की वजीर गेला म्हणजे बरोबरी जवळ आली. पण त्या स्थितीत काळ्याचा किल्लेकोटाचा हक्क गेलेला असतो, प्यादी दुहेरी (एकाच पट्टीवर एकामागे एक) झालेली असतात, आणि ती सांभाळायला क्रॅमनिकची जाण लागते. आपल्या पातळीवर ती स्थिती मोठ्या खेळाडूविरुद्ध बहुतेक वेळा हळूहळू हरते.

यातूनच सगळ्यात मोठ्या गैरसमजाकडे येतो : "सगळं मारून टाकू, म्हणजे बरोबरी." नाही. मोहरे कमी झाले की चुकीची किंमत वाढते, आणि शेवटच्या टप्प्यात तगडा खेळाडू तुमच्याहून सगळ्यात जास्त पुढे असतो. मारामारी करायची ती शेवट दिसत असेल तेव्हाच. आणि उरलेले मोहरे जाऊन फक्त राजा-प्यादी राहणार असतील, तर शेवटची चाल मोजल्याशिवाय तिकडे फिरकूसुद्धा नका. तिथे एक घराचा फरक म्हणजे एक गुण.

चौथी पायरी : कुठे पोचायचं ते ठरवा

बरोबरी शोधायची असते ती नेमक्या स्थितींमध्ये. पुढच्या पाच स्थिती पटावर मांडून बघा, दोन्ही बाजूंनी खेळा. या येत असतील तर मध्यावर, विसाव्या-पंचविसाव्या चालीलाच, आपण कुठे चाललोय हे दिसायला लागतं.

राजा आणि एक प्यादं. पांढऱ्याचा राजा ई५, प्यादं ई६. काळ्याचा राजा ई७, चाल काळ्याची. इथे एकच चाल वाचवते : सरळ मागे, राजा ई८. मग राजा डी६, राजा डी८. प्यादं ई७ शह, राजा ई८. आणि आता पांढऱ्याने राजा ई६ केला की काळ्याला शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, बरोबरी. तो राजा ई६ नाही करणार तर प्यादं जातं. याउलट पहिल्याच चालीला राजा डी८ केलात, तर राजा डी६, राजा ई८, प्यादं ई७, आणि संपलं. तुमचा राजा एफ७ वर जातो, त्याचा डी७ वर येतो, प्याद्याचा वजीर होतो. दोन घरं शेजारशेजारची. एकीत अर्धा गुण, दुसरीत शून्य.

हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती. हे सर्वांत उपयोगाचं, कारण हत्तीचे शेवट सगळ्यात जास्त येतात. पांढरा : राजा डी५, हत्ती ए७, प्यादं ई५. काळा : राजा ई८, हत्ती बी६. काळ्याचा हत्ती सहाव्या आडव्या ओळीवर बसलेला आहे, त्यामुळे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. काळ्याने काहीही करायचं नाही, हत्ती त्याच ओळीवर इकडून तिकडे सरकवत राहायचा. पांढऱ्याने वैतागून प्यादं ई६ वर ढकललं की त्याच क्षणी हत्ती बी१, पार मागे. आता पांढऱ्या राजाला प्याद्याआड लपायला जागा नाही : राजा डी६, हत्ती डी१ शह, राजा ई५, हत्ती ई१ शह, राजा एफ६, हत्ती एफ१ शह. हे फिलिडोरने अठराव्या शतकात दाखवलं. प्यादं पुढे येण्याआधीच हत्ती मागे नेणं ही यातली नेहमीची चूक. त्याने ढकलेपर्यंत थांबायचं.

चुकीच्या रंगाचा उंट. कडेचं प्यादं आणि उंट असूनही पांढरा जिंकू शकत नाही, जर प्याद्याचं वजीर होण्याचं घर उंटाच्या रंगाचं नसेल आणि काळ्याचा राजा त्या कोपऱ्यात पोचला असेल. एच८ हे काळं घर, ए८ पांढरं. हे माहीत असलेला माणूस कसा वाचतो ते बघा. पांढरा : राजा एफ४, उंट डी३, प्यादी जी५ आणि एच५. काळा : राजा जी७, घोडा एफ७, चाल काळ्याची. दोन प्यादी चालून येताहेत, घोडा एकटा काय करणार असं वाटतं. पण उंट पांढऱ्या घरांचा आहे. म्हणून घोडा सरळ जी५ वरचं प्यादं मारतो. पांढऱ्या राजाने घोडा मारला की काळा राजा एच८ वर, आणि तिथून तो जी८–एच८ करत राहतो. पांढऱ्याकडे उंट आणि प्यादं जास्त, तरी त्याला कोपरा उघडता येत नाही. फार कोंडलं तर स्टेलमेट.

उलट रंगांचे उंट. एकाचा पांढऱ्या घरांचा, दुसऱ्याचा काळ्या. एक प्यादं कमी असलं तर बहुधा बरोबरी, दोन कमी असली तरी अनेकदा. तुमचा राजा आणि उंट ज्या रंगाच्या घरांवर ठाण मांडून बसतात, त्या घरांना त्याचा उंट हातच लावू शकत नाही. मात्र त्याची दोन प्यादी एकमेकांपासून लांब असतील तर सावध. आणि वजीर-हत्ती पटावर असताना हे सगळं उलटं होतं : मग ज्याचा हल्ला, त्याचा उंट एका जास्तीच्या मोहऱ्यासारखा काम करतो.

सततचा शह. काळ्याचा राजा जी८, त्याच्याजवळ फक्त जी७ चं प्यादं. एफ आणि एच पट्ट्यांवरची प्यादी गेलेली. तुमचा पांढरा वजीर एच५ वर. वजीर ई८ शह, राजा एच७. वजीर एच५ शह, राजा जी८. वजीर ई८ शह. मध्ये घालायला त्याच्याकडे मोहरा नसेल तर तो कितीही पुढे असो, सुटका नाही. यातून शिकायचं असं की आपला वजीर सहजासहजी देऊन टाकू नये. मोहरा कमी असताना उघड्या राजासमोर वजीर असणं हीच शेवटची आशा असते.

पाचवी पायरी : चालीचा दिनक्रम

चाल आली त्या दिवशी खेळू नका. पहिल्या दिवशी रात्री जेवणानंतर पट मांडून बघा आणि वहीत लिहा. झोपा. दुसऱ्या दिवशी आधी स्वतःची चाल न बघता प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने बसा आणि विचारा : मी तो असतो तर मला काय करायला आवडलं असतं? पट अक्षरशः फिरवून बसा. काल न दिसलेली अर्धी संकटं इथे दिसतात. मग कालची चाल बघा, तिच्यानंतरचे सगळे शह आणि सगळ्या मारामाऱ्या एकेक करून तपासा, आणि खेळा.

ठरावीक जबाबासाठी आधीच चाल लावून ठेवण्याची सोय फक्त तेव्हाच वापरा, जेव्हा परत मारण्यावाचून दुसरी चालच नसते.

प्रत्येक चालीला सारखा वेळ देण्याची गरज नाही. प्यादं ढकलायचं असेल, मारामारी करायची असेल, किंवा राजाची बाजू बदलायची असेल, तर पूर्ण मुदत वापरा, कारण प्यादं मागे येत नाही.

सहावी पायरी : तो जास्त जोर लावेल, थांबा

आता सुरुवातीचा हिशेब आठवा. बरोबरीने त्याचे गुण जातात. त्यामुळे पट समान असला तरी तो पुनरावृत्ती टाळेल, अनावश्यक प्यादं ढकलेल, आपल्या राजासमोरचं कुंपण उघडेल. अशा वेळी कमकुवत खेळाडू दोन चुका करतो. एक, सगळे मोहरे मागे ओढून बसतो. निष्क्रिय बसणं म्हणजे तगड्याला दहा मोकळ्या चाली देणं. हत्ती बंद पडण्यापेक्षा एक प्यादं गेलेलं बरं. दुसरी, अचानक जिंकण्याची हाव धरतो. त्याने धोका पत्करला म्हणून तुम्हीही पत्करायला हवा असं नाही. मोहरे कामात ठेवा, त्याने उघडलेली पट्टी हत्तीने धरा, आणि वरच्या पाचपैकी कोणती स्थिती जवळ येतेय ते शोधा. खरोखरच विजय दिसला तर घ्या, पण तो वहीत शेवटपर्यंत लिहून दाखवता आला पाहिजे.

सातवी पायरी : बरोबरी मागणं आणि मिळवणं

बाराव्या चालीला बरोबरीचा प्रस्ताव पाठवू नका. तगडा खेळाडू तो नाकारतो, आणि तुम्ही घाबरला आहात एवढं मात्र त्याला कळतं. प्रस्ताव एकदाच, आणि तो अशा वेळी की पटावर त्याला काही करता येत नाही हे त्यालाही दिसतंय. नाकारला तर पट बदलल्याशिवाय परत नाही. दर दोन चालींनी प्रस्ताव पाठवणं अशिष्टपणा आहे. आपल्यापेक्षा वयाने मोठा, अनुभवी माणूस समोर असेल तर दोन शब्द लिहा : "सर, इथे मला बरोबरी वाटते. आपलं काय मत?" चांगले खेळाडू याला नीट उत्तर देतात.

प्रस्ताव न करताही मिळणारी बरोबरी म्हणजे नियमाची. एकच स्थिती तीनदा आली तर बरोबरी, पण ती लागोपाठ यायला हवी असं नाही. चाल त्याच बाजूची असावी, किल्लेकोटाचे आणि आँ पासाँचे (दोन घरं आलेलं प्यादं जाता जाता मारण्याचे) हक्क तेच असावेत. पन्नास चालींचा नियम म्हणजे दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही, एकही मोहरा मारला गेला नाही, तर बरोबरी. काही साइटवर तिसऱ्यांदा स्थिती आली की डाव आपोआप संपतो, काही ठिकाणी बटण दाबून दावा करावा लागतो. दावा न करता पुढची चाल खेळलात तर हक्क निसटतो. म्हणून वहीत पुनरावृत्तीच्या चालींसमोर खूण करत जा.

डाव सुटला की त्याच दिवशी इंजिन लावू नका. आधी वहीतले अंदाज बघा, प्रतिस्पर्ध्याला विचारा की त्याला कुठे जिंकता येईल असं वाटलं होतं. बहुतेक जण सांगतात, आणि त्यांनी दाखवलेली जागा इंजिनच्या आकड्यापेक्षा लवकर समजते. मग इंजिन लावा, ज्या चालीवर मूल्यमापन एकदम घसरलं ती वहीत लाल पेनाने गोल करा, आणि त्याच माणसाला रंग बदलून पुढच्या डावाचं आव्हान पाठवा.